वादळाची चाहूल

मुलांनो, कामठीचा उन्हाळा तुम्हांला चांगला ठाऊक आहे. मे महिन्यातील एखादी दुपार आठवून पाहा. रस्ते ओस पडलेले असतात. घराघरांत कूलर घरघरत असतात. कन्हान नदीच्या पात्रातील वाळू तव्यासारखी तापलेली असते. अशा वेळी मोकळ्या मैदानात अचानक धुळीचा एक खांब उभा राहतो. तो गरगर फिरत पुढे सरकतो. कागदाचे कपटे आणि वाळलेली पाने त्याच्याबरोबर वर वर जातात. दोन-चार मिनिटांत तो आला तसा नाहीसा होतो. मराठीत याला 'वावटळ' म्हणतात. उर्दूत तुम्ही याला 'बगूला' म्हणता.

काही लोक सांगतात, की वावटळीत भूत फिरत असते. खरे पाहता तिच्यात हवा आणि धूळ यांशिवाय काहीच नसते. उन्हाने जमीन तापते. जमिनीजवळची हवाही तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घेण्यासाठी आजूबाजूची हवा चारही दिशांनी धावत येते. धावताना ती वळते आणि गिरकी घेऊ लागते. झाली वावटळ तयार! तिच्यामुळे डोळ्यांत धूळ जाते, दोरीवरचे कपडे उडतात. क्वचित एखादा सैल पत्राही उडतो. एरवी ती फारसे नुकसान करत नाही.

पण जगात काही ठिकाणी याहून फार भयंकर वावटळ येते. तिला 'टोर्नेडो' म्हणतात. दोघींत एक मोठा फरक लक्षात ठेवा. आपली वावटळ निरभ्र आकाशाखाली, तापलेल्या जमिनीवर जन्मते आणि वर जाते. टोर्नेडो काळ्याकुट्ट, गडगडणाऱ्या ढगातून जन्मतो आणि हत्तीच्या सोंडेसारखा खाली उतरतो. मोठ्या टोर्नेडोतील वाऱ्याचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्याही पुढे जातो. अशा वाऱ्यापुढे मोटारी खेळण्यांसारख्या उडतात आणि घरांचा फक्त पाया उरतो.

टोर्नेडो सर्वांत जास्त अमेरिकेत होतात. तेथे दरवर्षी हजाराहून अधिक टोर्नेडो नोंदले जातात. असे का बरे? त्या देशाच्या मध्यभागी विस्तीर्ण सपाट मैदाने आहेत. दक्षिणेकडील समुद्रावरून तेथे उबदार, दमट हवा येते. पश्चिमेकडील डोंगरांवरून कोरडी हवा आणि उत्तरेकडून थंड हवा येते. या हवा एकमेकींना भिडल्या म्हणजे प्रचंड ढग तयार होतात. जमिनीजवळचा वारा एका दिशेने आणि उंचावरचा वारा दुसऱ्या दिशेने जोरात वाहत असेल, तर तो ढगच फिरू लागतो. त्यातून कधी कधी टोर्नेडो खाली येतो.

१८ मार्च १९२५ रोजी अमेरिकेतील तीन राज्यांतून एक टोर्नेडो गेला. साडेतीन तासांत त्याने सुमारे ३५० किलोमीटरचा पल्ला गाठला. त्यात ६९५ माणसे मरण पावली. नवलाची गोष्ट अशी, की त्या काळी तेथील हवामान खात्याच्या अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरायलाच मनाई होती. लोक घाबरतील, असे अधिकाऱ्यांना वाटे. त्यामुळे संकट येत आहे, हे लोकांना कोणी सांगितलेच नाही. पुढे ही मनाई उठली. १९४८ साली ओक्लाहोमा राज्यातील एका हवाई तळावर दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज दिला. त्यानंतर हळूहळू लोकांना आधी सूचना मिळू लागली.

टोर्नेडो आपल्या भागापासून फार दूर आहे, असे मात्र समजू नका. बंगालच्या उपसागरावरील दमट हवा आणि छोटा नागपूर पठाराकडील कोरडी, तापलेली हवा मार्च ते मे या महिन्यांत एकमेकींना भिडतात. त्यातून बंगालमध्ये 'कालबैसाखी' नावाची वादळे होतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात अशाच एका वादळातून टोर्नेडो उतरला. त्यात सुमारे १,३०० माणसे दगावली. टोर्नेडोमुळे झालेली ही जगातील सर्वांत मोठी मनुष्यहानी मानली जाते. आपल्या देशात मार्च १९७८ मध्ये दिल्लीच्या विद्यापीठ भागात टोर्नेडो आला होता. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात तसेच वादळ आले आणि शेकडो घरे मोडली.

आता समुद्राकडे वळू या. समुद्राचे पाणी बरेच तापले, की त्यावर चक्रीवादळ जन्मते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काही शे मीटर असते आणि तो थोडाच वेळ टिकतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि अनेक दिवस जगते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक घरांची छपरे उडाली.

चक्रीवादळांची एक गोष्ट तर नेहमी आठवणीत ठेवण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच राज्याच्या किनाऱ्यावर 'फायलिन' हे अतितीव्र चक्रीवादळ आले. या वेळी हवामान खात्याने काही दिवस आधी इशारा दिला होता. सरकारने दहा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी हलवले. घरे पडली, पिके बुडाली. पण मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वारा दोन्ही वेळा भयंकर होता. फरक पडला तो वेळेवर मिळालेल्या आणि लोकांनी मानलेल्या इशाऱ्यामुळे.

हे वाचून तुम्ही म्हणाल, "आपली कामठी समुद्रापासून किती दूर! येथे चक्रीवादळ पोचेपर्यंत थकून जाते. टोर्नेडोही येथे कोणी पाहिला नाही. मग आपल्याला कसली भीती?" मुलांनो, प्रत्येक प्रदेशाच्या आभाळाचा स्वभाव वेगळा असतो. आपल्या आभाळाची संकटेही वेगळी आहेत. ती रोजच्या पाहण्यातली असल्यामुळे आपण त्यांना घाबरत नाही. ती संकटे म्हणजे वीज, गारपीट आणि ऊन.

प्रथम वीज पाहू. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भात दुपारनंतर ढग जमतात. कोबीच्या गड्ड्यासारखा दिसणारा एखादा ढग भराभर उंच वाढतो. तो दहा-बारा किलोमीटरपर्यंत चढतो. त्याच्या आत बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात. त्यामुळे ढगात विद्युतभार साठतो. तो फार झाला, की वीज चमकते. विजेच्या रेषेतील उष्णता सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस असते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या ती पाचपट झाली! एवढ्या उष्णतेने हवा एकदम फुगते आणि गडगडाट होतो.

भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. त्यांत शेतात काम करणारे आणि गुरे राखणारे लोक पुष्कळ असतात. पाऊस आला, की माणूस झाडाखाली धावतो. ही सवयच घात करते. वीज बहुधा उंच वस्तूवर पडते. झाडावर पडलेली वीज बुंध्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेते. ती जमिनीतूनही पसरते.

वीज किती दूर आहे, हे तुम्ही स्वतः मोजू शकता. प्रकाश दिसताच एक, दोन, तीन असे सेकंद मोजा. आवाज एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद घेतो. नऊ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज तीन किलोमीटरवर आहे. तीस सेकंद पुरे होण्याआधीच आवाज आला, तर ताबडतोब पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. घरात असताना खिडकी, नळ आणि विजेच्या तारा यांपासून दूर राहा. मैदानात अडकलात, तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, डोके खाली घ्या. जमिनीवर आडवे पडू नका. नदीत असाल, तर आधी पाण्याबाहेर या.

एखाद्यावर वीज पडली, तर त्याला हात लावायला लोक भितात. ही भीती चुकीची आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. मोठ्या माणसांना बोलवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करा. श्वास थांबला असेल, तर जाणकाराने लगेच छाती दाबून उपचार सुरू केले पाहिजेत. अशा उपचाराने कित्येकांचे प्राण वाचतात.

याच उंच ढगांतून गाराही पडतात. ढगातील जोरदार वारा पाण्याचे थेंब वर नेतो. तेथे ते गोठतात. वर-खाली होताना त्यांवर बर्फाचे थर चढतात. वजन वाऱ्याला पेलेनासे झाले, की गार खाली पडते. लहानपणी आपण गारा वेचतो आणि आनंदाने तोंडात टाकतो. पण काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागेत गार पडते, तेव्हा शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. २०१४ साली फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत गारपीट झाली. हाताशी आलेला गहू, हरभरा आणि फळबागा झोडपून निघाल्या. पक्षी आणि जनावरेही मेली.

तिसरे संकट आवाज करत नाही. ते म्हणजे ऊन. आपण ज्या झळांना 'लू' म्हणतो, त्या कोरड्या प्रदेशातून वाहत येतात. मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंशांपर्यंत गेले होते. २५ मेच्या सुमारास 'नवतपा' सुरू झाला, की मोठी माणसे आपल्याला दुपारी बाहेर पडू देत नाहीत. त्यांचे म्हणणे शहाणपणाचे आहे. आपले शरीर घाम गाळून थंड राहते. पाणी कमी पडले, की ही व्यवस्था कोलमडते. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. पुढे माणूस बरळू लागतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले, की जीव धोक्यात येतो. अशा माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि दवाखान्यात पोचवा. तो शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

पत्र्याच्या छपराखाली माग चालवणारा विणकर, विटा वाहणारी बाई, माल ओढणारा हमाल यांना दुपारी घरी बसणे परवडत नाही. त्यांच्यासाठी थंड पाण्याचा माठ, कैरीचे पन्हे आणि थोडी सावली ही मोठी मदत असते. ती आपण सहज करू शकतो.

आता प्रश्न उरतो, संकट येणार हे कळते कसे? नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे. ते विदर्भासाठी अंदाज देते. त्यात रंगांची भाषा असते. हिरवा रंग म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे लगेच पावले उचला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइल ॲप तयार केले आहे. घरातील कोणाच्या फोनवर ते घेता येते.

मात्र ऐकलेली प्रत्येक बातमी खरी नसते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात तापमान ५६ अंशांवर गेल्याची बातमी पसरली. हवामान खात्याने तपास केला, तेव्हा त्या केंद्रावरील यंत्रच बिघडलेले निघाले. म्हणून इशारा मानावा, पण तो कोणी दिला हेही पाहावे.

मुलांनो, 'हवा', 'मोसमी', 'तुफान' हे शब्द मराठी माणूस रोज बोलतो. ते अरबी-फारसीतून मराठीत आले आणि तुमच्या उर्दूतही आहेत. आभाळाविषयी बोलताना आपले शब्द असे सारखेच निघतात. संकटही शेजारी-शेजारी राहणाऱ्या सर्वांवर सारखेच येते. तेव्हा आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना आणि दादीजानला वीज मोजण्याची रीत सांगा. पुढच्या वेळी पावसात कोणी झाडाखाली उभा दिसला, तर त्याला हाक मारून पक्क्या घरात बोलवा. तुमच्या त्या एका हाकेने त्याचा जीव वाचू शकेल.