रस्त्यासकट जपावी अशी गाडी

जुन्या मोटारींचा विषय निघाला की मराठी वाचकाला संस्थानिकांची गॅरेजे आठवतात. पितळी दिवे, लांब बॉनेट, दाराच्या बाहेर पायरी, आत लाल कातड्याची बैठक. मुंबई-दिल्लीच्या रॅल्यांमध्ये ज्या गाड्यांभोवती गर्दी जमते त्याही बहुतेक याच वर्गातल्या. दिल्लीची ‘स्टेट्समन’ची रॅली १९६४ पासूनची, तेव्हापासून जुनी गाडी म्हणजे राजेरजवाड्यांची, फार तर गिरणीमालकाची, हे समीकरण पक्के होत गेले. फैजपूर, सावदा, रावेर, यावल या पट्ट्यात असा कोणी महाराजा नव्हता. पूर्व खानदेश हा थेट इंग्रजी अंमलाखालचा जिल्हा होता, शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा. त्यामुळे जुन्या वाहनांच्या इतिहासात आपल्या वाट्याला सांगण्याजोगे काही नाही, असे इथले शौकीनही कधीकधी मान्य करून टाकतात. मला ते मान्य नाही. गाडीचे मोल तिच्या मालकावरून आणि मेकवरून ठरवले तर खानदेशाचे पान कोरे राहील. ती कोणत्या रस्त्याने, कोणासाठी, काय घेऊन धावली हे पाहिले तर तेच पान भरगच्च निघते. म्हणून इथल्या आठवणी गोळा करायच्या तर गाडी रस्त्यासकट जपली पाहिजे.

रस्त्यापासूनच सुरुवात करू, कारण तो गाडीपेक्षा फार जुना आहे. आज ज्याला आपण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता म्हणतो तो सातपुड्याच्या पायथ्याने, तापीच्या उत्तर अंगाने जातो: शहादा, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल आणि माणूस मोगलांच्या बऱ्हाणपुराकडे निघाला की त्याला खानदेश ओलांडावा लागे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात पोहोचला तो नंदुरबार, चोपडा या वाटेनेच. पुढे आग्रा रोड आला. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेर करत तो सेंधव्याच्या घाटात चढला. त्यानंतर रेल्वेने भुसावळला मोठे जंक्शन उभे केले आणि जुन्या सुरत-बऱ्हाणपूर वाटेचे महत्त्व ओसरले. तरी ती मोडली नाही. गावे तिच्या कडेला होती, बाजार तिच्या कडेला भरत होते आणि सावद्याच्या स्टेशनापर्यंत माल न्यायला बैलगाडीला तीच लागत होती.

फैजपूरचे नाव देशभर झाले ते २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून टिळकनगर हे अधिवेशनस्थळ सजवले आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक सहा बैलजोड्यांच्या रथातून निघाली. वाहनांच्या इतिहासात या रथाची नोंद सहसा होत नाही. ती व्हायला हवी. १९३६ साली मोटार ही काही अपूर्वाईची वस्तू उरली नव्हती आणि त्याच हिवाळ्यात नेहरू निवडणुकीच्या प्रचारासाठी मोटारीने, रेल्वेने, विमानाने देश पालथा घालत होते. तरीही फैजपुरात रथ निवडला गेला, कारण त्या रस्त्याचा धनी अजून बैल होता. मोटारीचे आगमन म्हणजे बैलाची हकालपट्टी असे चित्र आपण रंगवतो, पण निदान दोन पिढ्या दोघांनी एकच रस्ता वाटून घेतला. आठवणी सांगणाऱ्यांनी हे सहजीवन आधी टिपायला हवे, कारण नव्या पिढीला त्याची कल्पनाच करता येणार नाही.

या वाटणीतून तंटाही उभा राहिला आणि त्याचा निवाडा करायला एक मराठी माणूस बसला होता. खडी-मुरूम दाबून, पाणी मारून केलेला रस्ता बैलगाडीच्या लोखंडी धावेने खचत असे. वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या रबरी चाकाने त्याच खडीतली बारीक माती ओढली जाई आणि धुळीचे लोट उठत. काळ्या जमिनीत पावसाळ्यात तर रस्ता आणि शेत यांत फरक उरत नसे. खर्च कोणी करायचा हा प्रश्न १९२७ साली नेमलेल्या समितीपुढे आला. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जिल्हा लोकल बोर्डांच्या ऐपतीपलीकडचे हे काम असून रस्ते ही साऱ्या देशाची जबाबदारी आहे, असा कौल समितीने दिला. १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची उतरंड त्यांनी आखली. ज्या रस्त्यांच्या आठवणी आपण काढतो त्यांच्या घडणीची ही दोन मोठी कामे, एक मराठी बॅरिस्टराने पुरे केलेले आणि दुसरे मराठी मुलखातल्या शहरात झालेले. जुन्या गाड्यांवरच्या आपल्या लेखनात जयकरांचे नाव क्वचितच येते, ही उणीव मला फार खटकते.

आता गाड्यांकडे. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याहून आधी डॉज-प्लिमथ, नंतर फियाट बाहेर पडू लागल्या. महिंद्रांनी १९४७ पासून जीप जोडली. खेड्यांत जी वाहने खऱ्या अर्थाने रुजली ती मात्र या यादीतल्या दिमाखदार नावांपेक्षा वेगळी होती. एसटीच्या आधी ठरलेल्या मार्गांवर खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. आत माणसे, टपावर गाठोडी, ट्रंका, भाजीच्या पाट्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा मोटारींना कोळशाच्या भट्ट्या बसल्या. मागच्या बाजूला उंच पिंप, त्यात जळता कोळसा, त्यातून निघालेला वायू इंजिनात. अशा गाडीची ताकद पेट्रोलच्या गाडीहून कमी, म्हणून चढ आला की उतारूंना खाली उतरावे लागे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी निघाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने सर्व्हिस मोटारींचे दिवस संपले. मग १९५४ पासून टाटा-मर्सिडीजच्या नाकवाल्या ट्रकांनी रस्ता व्यापला. इथल्या केळीचे घड आधी बैलगाडीतून सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर जात आणि वॅगनींतून उत्तरेला. ट्रक आल्यावर बागेपासून थेट दिल्लीपर्यंतचा पल्ला एकाच वाहनाच्या आवाक्यात आला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावलौकिकात जमिनीचा आणि पाण्याचा वाटा आहे तसा या ट्रकचा आणि त्यावरच्या ड्रायव्हर-क्लीनरचाही आहे.

हँडल मारून इंजिन सुरू करताना अंगठा कुठे ठेवायचा, डबल क्लच कुठल्या चढावर लागायचा, रेडिएटरला पाणी कोणत्या नाल्यावर मिळायचे, सुटा भाग मिळाला नाही तर मिस्त्री लेथवर तो कसा वळून घ्यायचा: जुन्या वाहनांचे खरे ज्ञान या तपशिलांत आहे. ते कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत नाही. कंपनीने गाडी ज्या रस्त्यासाठी बनवली तो हा रस्ताच नव्हता, म्हणून इथल्या मिस्त्रीने ती दुसऱ्यांदा बनवली. पाटे वाढवणे, बॉडी उंच घेणे, डिझेल इंजिन बसवणे या साऱ्याला शुद्धतावादी शौकीन नाक मुरडतात. मला मात्र या फेरफारांतच खानदेशी हस्ताक्षर दिसते.

अमेरिकेत मोटारीच्या पहिल्या काळात ‘पार्कवे’ नावाचे रस्ते झाले. १९०८ चा लाँग आयलंड मोटर पार्कवे, १९२५ चा ब्रॉंक्स रिव्हर पार्कवे, १९४० साली पुरा झालेला मेरिट पार्कवे. झाडी राखलेली, वळणे निसर्गाला धरून, पूल देखणे, आणि मालट्रकला मज्जाव. मेरिट पार्कवे तर १९९१ पासून तिथल्या राष्ट्रीय वारसा नोंदवहीत आहे. म्हणजे गाडीबरोबर रस्ताही वारसा ठरला. आपल्याकडचे वड, निंब आणि चिंचांच्या कमानींचे रस्ते दिसायला तसेच, पण त्यांच्या मागचा विचार वेगळा. ती सावली सहलीला निघालेल्या मोटारीसाठी नव्हती. पायी चालणारा, बैल आणि बाजारकरी यांच्यासाठी होती. मोटारीने ती आयती घेतली. माझ्या मते आपल्या सावलीच्या रस्त्याचे मोल त्या पार्कवेपेक्षा जास्त, कारण त्याने कोणालाच मज्जाव केला नाही.

आजचे नियम या कष्टकरी वारशाला ओळखत नाहीत. २०२१ च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी दिली. त्यासाठी शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण ही सोय खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना आहे. बस आणि ट्रक तीत बसत नाहीत. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणीच संपते, एसटीसकट. म्हणजे ज्या लाल गाडीने अर्धा खानदेश शाळा-कॉलेजात पोहोचवला ती पन्नाशी गाठूच शकत नाही. झाडांचेही तसेच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले, पण तो कायदा नागरी क्षेत्राचा. फैजपूर नगरपरिषदेची हद्द संपली की पुढचा शंभर वर्षांचा निंबही त्या संरक्षणाबाहेर.

यावर आक्षेप येतील. पहिला, धुराचा: जुनी वाहने प्रदूषण करतात, ती मोडीतच निघावीत. रोज धावणाऱ्या जुन्या वाहनाबद्दल हे खरे आहे आणि एसटीच्या प्रवाशाला नवी, सुरक्षित गाडी मिळालीच पाहिजे. पण प्रत्येक आगारात एखादी जुनी बस उभी करून जपली तर हवेत काय भर पडणार? दुसरा आक्षेप अधिक गंभीर. केळीच्या ट्रकांना रुंद रस्ता हवा, अपघातांत माणसे मरतात, तिथे झाडांचे कौतुक कशाला? माणसाच्या जिवापुढे झाड मोठे नाही, हे मीही मानतो. मात्र नवा रस्ता जुन्याच्या अंगावरून नेणे हा एकच मार्ग नसतो. बाह्यवळण झाले तिथे जुन्या रस्त्याचा तुकडा झाडांसह, दगडी मोऱ्यांसह, मैलाच्या दगडांसह राखता येतो. तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: म्हाताऱ्यांच्या आठवणींत साले चुकतात, गाड्यांची नावे बदलतात. बदलतात खरी. म्हणूनच आठवणीला आरसी बुक, परमिट, विम्याचा कागद, मिस्त्रीची वही, १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमधले रस्त्यांचे वर्णन यांच्याशी ताडून पाहायचे. सन चुकला तरी कुठल्या नाल्यावर गाडी अडायची हे सहसा चुकत नाही, आणि कागदावर नेमके तेच सापडत नाही.

फैजपूर-सावदा परिसरातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी एकत्र जमाल तेव्हा चकाकणाऱ्या गाड्यांच्या रांगेबरोबर निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, क्लीनर आणि मिस्त्री यांनाही मानाने बोलवा आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्या. रावेर ते यावल या टापूत उरलेली जुनी झाडे, मोऱ्या आणि मैलाचे दगड यांची गाववार यादी करा आणि ती नगरपरिषदेला, बांधकाम विभागाला आणि गावातल्या वाचनालयाला द्या. एसटीच्या सुरुवातीच्या गाड्यांवर काम केलेली पिढी आता नव्वदीच्या घरात आहे. हे काम याच हिवाळ्यात सुरू करावे.