वैद्यव्यवसाय, शासन आणि रुग्ण

बाजारात धान्य घेणारा माणूस ते मुठीत घेऊन पारखतो. कापड घेणारा त्याचा पोत बोटांनी चाचपून पाहतो. रुग्णाला मात्र अशी पारख करता येत नाही. ज्या ज्ञानाच्या आधारे उपचार व्हावयाचे ते ज्ञान त्याच्यापाशी नसते. म्हणून तर तो वैद्याकडे येतो. शिवाय तो येतो तेव्हा वेदनेने किंवा भयाने ग्रासलेला असतो. दोन पक्षांमधील ही विषमता हेच वैद्यव्यवसायावरील शासकीय नियंत्रणाचे मूळ कारण होय. हे नियंत्रण किती असावे आणि कोणाच्या हाती असावे ह्याविषयी मतभेद आहेत. त्याची कसोटी मात्र एकच असू शकते : त्यामुळे रुग्णाचे रक्षण होते किंवा नाही.

ही जाणीव भारतात नवीन नाही. शास्त्राचे अध्ययन आणि प्रत्यक्ष कर्माचा अभ्यास पूर्ण केलेल्या वैद्यानेही राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायास आरंभ करावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. लोभापायी लोकांचे प्राण घेणारा कुवैद्य राजाच्या दोषामुळे निर्माण होतो, असेही तीत म्हटले असून जबाबदारीचा वाटा सत्तेवर टाकला आहे. जिवावर बेतणाऱ्या व्याधीची आगाऊ सूचना न देता वैद्याने उपचार केले आणि रुग्ण दगावला, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्यास एक दंड सांगितला आहे. उपचारातील चुकीमुळे रुग्ण दगावल्यास त्याहून मोठा दंड आहे. अनुज्ञा, सूचना आणि दंड ही आधुनिक कायद्याचीही तीन अंगे आहेत.

नोंदवहीचा उगम

आधुनिक काळात अनुज्ञेची जागा नोंदवहीने घेतली. ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाले आणि शिक्षित डॉक्टरांची अधिकृत यादी तयार होऊ लागली. भारतात मुंबई इलाख्याने १९१२ मध्ये असाच कायदा केला. १९१४ मध्ये मद्रास व बंगाल ह्या प्रांतांनी त्याचे अनुकरण केले. यादीत नाव असलेला तो शिक्षित, नसलेला तो अशिक्षित, एवढा भेद तरी सामान्य माणसाला ह्यामुळे करता येऊ लागला.

अखिल भारतीय परिषदेचा जन्म मात्र वेगळ्या कारणाने झाला. १९३० मध्ये ब्रिटिश कौन्सिलने भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. पदवीचा दर्जा सांभाळणे हे त्याचे मुख्य प्रयोजन होते. पुढे १९५६ च्या कायद्याने देशव्यापी नोंदवहीची तरतूद केली. तथापि परिषदेचे लक्ष महाविद्यालये, त्यांची मान्यता आणि पदव्या ह्यांवरच अधिक राहिले. रुग्णाची तक्रार प्रामुख्याने राज्यांच्या परिषदांकडे जात असे, आणि तेथे डॉक्टरांच्या आचरणाचा निवाडा डॉक्टरच करीत. वैद्यकीय चूक वैद्यालाच नीट कळते, हे त्यामागील तत्त्व खोटे नाही. परंतु समव्यावसायिकांविषयी वाटणारी आपुलकी न्यायाच्या आड येऊ शकते, ही शंकाही निराधार म्हणता येत नाही.

तक्रार कोणी ऐकावी?

परिषदेने २००२ मध्ये आचारसंहितेचे नवे विनियम जारी केले. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि औषधाच्या चिठ्ठीवर लिहावा. आंतररुग्णांच्या उपचारांची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवावीत. रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावीत. तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांच्या आत लागावा, असे त्यांत म्हटले होते. २००४ मधील दुरुस्तीनुसार राज्य परिषदेच्या निर्णयाने असमाधानी असलेल्या कोणाही व्यक्तीला ६० दिवसांत केंद्रीय परिषदेकडे अपील करण्याची मुभा मिळाली.

परिषदेला डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढता येते. रुग्णाला भरपाई मात्र देता येत नाही. ती वाट न्यायालयांनी खुली केली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला घेऊन दिलेले उपचार ही १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने सेवा होय, असा निर्णय दिला. मात्र ज्या रुग्णालयात सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात ते ह्या कक्षेबाहेर राहिले. परिणामी पैसे देऊ शकणाऱ्याला ग्राहक मंचाचे दार मिळाले. विनामूल्य रुग्णालयातील गरिबापुढे दिवाणी दाव्याची लांब वाट आणि वैद्यक परिषद एवढेच पर्याय उरले. म्हणूनच परिषदेचे दार उघडे असणे हा त्याच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

परिषदेपासून आयोगापर्यंत

स्वयंशासनाची ही व्यवस्था अखेर भ्रष्टाचाराच्या आरोपांनी डळमळली. २०१० मध्ये अध्यक्षांना अटक झाल्यानंतर केंद्र सरकारने परिषद बरखास्त करून नियामक मंडळ नेमले. २०१३ मध्ये परिषद पुन्हा अस्तित्वात आली. २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्या कारभारावर कठोर टीका केली आणि २०१८ मध्ये ती पुन्हा बाजूला सारण्यात आली. २०१९ च्या कायद्यानुसार २५ सप्टेंबर २०२० पासून तिची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली.

जुन्या परिषदेत डॉक्टरांनी व विद्यापीठांनी निवडून दिलेल्या सदस्यांचे प्राबल्य होते. आयोगाचे ३३ सदस्य पदसिद्ध असतात किंवा केंद्र सरकारकडून नियुक्त होतात. निवडणुकीतील गैरप्रकार ह्यामुळे टळतात, असे समर्थक म्हणतात. व्यवसायाची स्वायत्तता जाऊन सत्तेची मर्जी येते, असे विरोधकांचे म्हणणे आहे. ह्या वादात एक गोष्ट मागे पडली. कायद्याच्या ३० व्या कलमात राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपील करण्याचा हक्क लिहिला गेला तो डॉक्टरला. तक्रारदार रुग्णाचा त्यात उल्लेख नाही. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पण जुन्या विनियमांनी रुग्णाला दिलेली जागा नव्या कायद्याच्या शब्दांत उरली नाही.

नियंत्रण आणि भय

डॉक्टरांची चिंताही समजून घेतली पाहिजे. प्रत्येक मृत्यूमागे अपराध शोधला जाऊ लागला, तर डॉक्टर गुंतागुंतीचा रुग्ण स्वीकारण्यास कचरेल आणि केवळ स्वतःच्या बचावासाठी अनावश्यक तपासण्या करवील. त्यांचा खर्च पुन्हा रुग्णावरच पडेल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या दोहोंत तोल साधण्याचा प्रयत्न केला. फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, आणि कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असे न्यायालयाने सांगितले. अपेक्षित फळ न मिळणे आणि हलगर्जीपणा करणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा ह्या निकालामागील विचार होय.

नियम चांगला असूनही अपुरा कसा ठरतो, ह्याचे उदाहरण २०२३ मध्ये दिसले. डॉक्टरांनी औषधे व्यापारी नावाने न लिहिता मूळ नावाने लिहावीत, न लिहिल्यास कारवाई व्हावी, असे विनियम आयोगाने ऑगस्टमध्ये जारी केले. औषध स्वस्त मिळावे हा हेतू योग्यच होता. परंतु मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या गुणवत्तेची खात्री कोण देणार, असा प्रश्न डॉक्टरांच्या संघटनांनी विचारला. ती खात्री देणे आयोगाच्या हाती नव्हते. औषधनियंत्रणाचे खातेच वेगळे होते. त्याच महिन्यात विनियम स्थगित करण्यात आले. लिहिणाऱ्याचा हात बांधला आणि औषधाची बाटली तपासली नाही, तर रुग्णाच्या पदरात काय पडेल हे सांगता येत नाही.

ह्यावरून असे दिसते की, शासन हवे की स्वयंशासन, हा प्रश्न अपुरा आहे. व्यवसायाच्या हाती सर्व अधिकार दिले तर तो स्वजनांना पाठीशी घालण्याचा संभव असतो. शासनाच्या हाती दिले तर रुग्णशय्येपासून दूर बसलेला अधिकारी आदेश काढतो. उपचार करणारा खरोखर शिकलेला आहे हे ओळखता येणे, आपल्यावर काय उपचार झाले हे कागदावर मिळणे आणि अन्याय झाल्यास आपले म्हणणे अखेरच्या पायरीपर्यंत मांडता येणे, ह्या तीन गोष्टी रुग्णाला हव्या असतात. पहिली नोंदवहीने दिली, दुसरी २००२ च्या विनियमांनी. तिसरी मिळत नाही तोवर पहिल्या दोहोंचे मोल अपुरेच राहील. कारण दाद मागता येत नसेल, तर हाती आलेला कागदही निरुपयोगी ठरतो.