मानसशास्त्राला जायचे आहे? आधी चौकशी, मग प्रवेश

गेल्या जूनमधली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली आणि विहाराच्या पायरीवर एक मुलगी आमच्यापाशी येऊन थांबली. बी.ए.ला मानसशास्त्र, पहिला वर्ग. वडील एस.टी.त मेकॅनिक. हातात एका खासगी संस्थेचे चकचकीत माहितीपत्रक. म्हणाली, "काका, इथे एम.ए. केले की मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होईन, असे तिथले साहेब सांगतात. फीसाठी बाबा पी.एफ.मधून पैसे काढणार आहेत. भरू का?"

आम्ही म्हटले, "पोरी, आठ दिवस थांब."

आपल्या समाजाला डॉक्टर कळतो, इंजिनिअर कळतो, एम.पी.एस.सी. कळते. मानसशास्त्र म्हटले की 'वेड्यांचा डॉक्टर' एवढेच डोळ्यांपुढे येते. पण जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण रस्त्यावर उतरलो आणि ते योग्यच होते, कारण प्रश्न अन्यायाचा आहे, औषधाचा नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. वसतिगृहात रात्री एकटे पडलेले आपले लेकरू बोलणार कुणाशी? समोर बसलेल्या समुपदेशकाला जात ठाऊकच नसेल, तर तो अपमानाला न्यूनगंड म्हणून मोकळा होईल. म्हणून या क्षेत्रात आपली मुले हवीत. मात्र ती फसून नव्हे, समजून गेली पाहिजेत.

पहिली गोष्ट कायद्याची. नुसत्या एम.ए.ने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या शब्दाची व्याख्या केली आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आर.सी.आय.ची मान्यता असलेली पात्रता लागते. आजवर एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा त्याचा रुळलेला रस्ता होता. यू.जी.सी.ने २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केले, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजीसारख्या शाखांना २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. आता परिषदेने आखलेले नवे अभ्यासक्रम त्याची जागा घेत आहेत. तेव्हा संस्थेला प्रश्न एकच विचारायचा: या अभ्यासक्रमाला, याच वर्षासाठी, आर.सी.आय.ची मान्यता आहे काय? उत्तर तोंडी घ्यायचे नाही, लेखी घ्यायचे. आणि परिषदेच्या यादीशी ताडून पाहायचे.

दुसरी गोष्ट आपल्या नोकरदार मुलांची. दिवसा काम आणि रात्री मुक्त विद्यापीठाची पुस्तके, असे करून आपल्यातल्या कितीतरी जणांनी एम.ए. केले. यू.जी.सी.ने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. रुग्णाशी गाठ पडणारे शिक्षण घरी बसून होत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण ज्याला पगार सोडून दोन वर्षे वर्गात बसणे परवडत नाही, त्याने काय करायचे, याचे उत्तर कुणी दिलेले नाही. संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा. तोवर अशा जाहिरातींना भुलून पैसे गुंतवू नका.

तिसरी गोष्ट पैशाची. आधी सरकारी विद्यापीठांचे विभाग पाहा. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे, पुणे विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. संस्था कोणतीही असो, भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती तिथे लागू आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. परदेशी जायचे असेल तर तयारी किमान वर्षभर आधी सुरू व्हावी. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही तपासा. अमेरिकेत एम.ए.चा खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो, पीएच.डी.ला मात्र अनेक विद्यापीठे फी माफ करून वेतनही देतात. ती पदवी भारतात रुग्णसेवेसाठी चालेल का, हे निघण्याआधीच पाहा.

चौथी गोष्ट मार्गदर्शकाची. इथे आम्हाला मेमी क्लार्क आठवते. हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात ती गणित शिकायला गेली होती. केनेथ क्लार्कच्या आग्रहाने मानसशास्त्राकडे वळली, पुढे त्याच्याशीच लग्न केले. दोघांनीही पीएच.डी. केली ती कोलंबियात, जिथे १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले होते. मेमीने मार्गदर्शक म्हणून हेन्री गॅरेटला निवडले. हा प्राध्यापक वंशभेदाचा समर्थक. ते ठाऊक असूनही तिने त्याला निवडले आणि १९४३ मध्ये पदवी मिळवली. पुढे व्हर्जिनियातल्या शाळांच्या खटल्यात गॅरेट वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, तेव्हा त्याला खोडून काढायला मेमी न्यायालयात उभी होती!

क्लार्क दाम्पत्याने काळ्या मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. १९५४ च्या ब्राऊन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्कच्या कामाचा आधार आहे. पदवीचा असाही उपयोग होतो.

प्रत्येकाने गॅरेट शोधावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी मेमीची छाती लागते. पण विभागात कोण शिकवते, त्यांचे काम कशावर आहे, आपली मुले तिथे पूर्वी शिकली का आणि किती पूर्ण करून बाहेर पडली, हे त्या मुलांनाच विचारा. माहितीपत्रकात हे छापलेले नसते.

आठ दिवसांनी ती मुलगी पुन्हा आली. संस्थेने लेखी उत्तर देण्याचे टाळले होते. वडिलांचा पी.एफ. जागेवर राहिला. यंदा ती सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे.

चौकशीचे हे काम एकट्या मुलीवर का सोडायचे? मानसशास्त्र शिकून पुढे गेलेल्या बंधूभगिनींनी महिन्यातला एक रविवार विहारात द्यावा. प्रवेशाच्या हंगामात एक टेबल, दोन खुर्च्या आणि खरी माहिती, एवढे तर आपण करू शकतो. यंदा आमच्या वस्तीत आम्ही ते टेबल मांडणार आहोत. तुमच्या वस्तीत कोण मांडणार?

जय भीम!