पडसें व इन्फ्ल्युएंझा : कांहीं प्रतिबंधक उपाय

पावसाळा सुरू झाला कीं वर्गांतील बाकांवर रिकाम्या जागा दिसूं लागतात. घरोघर पावसांत भिजण्यास, चिंचाबोरांस अथवा रात्रींच्या दह्यास दोष दिला जातो. परंतु पडसें यांपैकीं कशानेंहि उत्पन्न होत नाहीं. तें विषाणूंमुळें होतें आणि ते विषाणु आपणांस बहुधा दुसऱ्या मनुष्याकडूनच मिळतात. त्यांचे दोनशेंहून अधिक प्रकार असल्यामुळें पडसें पुनः पुनः होतें.

इन्फ्ल्युएंझा अथवा फ्ल्यू हा याहून उग्र विकार होय. १९१८ सालीं जून महिन्यांत तो मुंबईंत शिरला व त्या साथींत हिंदुस्थानांतील एक कोटीहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. २००९ सालीं पुण्यास स्वाइन फ्ल्यूची साथ आली, तेव्हां तेथील शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

रोग्याच्या शिंकेंतून व खोकल्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे हे विषाणु पसरतात. नाक पुसलेला हात दाराच्या कडीस लागतो, त्याच कडीस आपला हात लागतो आणि तोच हात आपण डोळ्यांस वा नाकास लावतों. यास्तव हात धुणें हा सर्वांत स्वस्त उपाय होय. साबण लावून निदान वीस सेकंद हात चोळावे. फ्ल्यूच्या विषाणूचें स्निग्ध आवरण साबणानें फुटतें. पडशाच्या पुष्कळ विषाणूंस असें आवरण नसतें. ते चोळण्यानें सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. शिंकतांना रुमाल धरावा, आणि तो रोज धुवावा.

आहाराविषयीं आम्ही स्पष्टच सांगतों कीं, पडसें टाळणारा एकहि पदार्थ नाहीं. आवळा, पेरू व लिंबू यांत 'क' जीवनसत्त्व विपुल असतें, तरी तें रोज घेतल्यानें पडसें टळत नाहीं. मात्र निकृष्ट आहारानें शरीराची प्रतिकारशक्ति खालावते व आजार बळावतो. भाकरी, वरण, मोडाची उसळ, पालेभाजी, ऋतूंतील एखादें फळ आणि पुरेशी झोप एवढें मिळालें तर शरीर झुंजण्यास समर्थ राहतें. फ्ल्यूची लस दर वर्षीं घ्यावी लागते. घरांतील वृद्धांसाठीं व लहान मुलांसाठीं डॉक्टरांस तिच्याविषयीं अवश्य विचारावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. हजेरीच्या बक्षिसासाठीं तापानें फणफणलेलें मूल शाळेंत धाडूं नये. त्याच्या शेजारीं बसणारा विद्यार्थी तोच ताप घेऊन घरीं जातो, आणि त्याच्या घरीं कदाचित् दम्यानें जर्जर झालेली आजी असते. औषधावांचून ताप उतरून एक पूर्ण दिवस लोटल्यावरच मुलास शाळेंत पाठवावें. बुडालेला धडा पुढें भरून काढतां येतो. त्या आजीचें दुखणें विकोपास गेलें, तर तें मात्र कोणासहि भरून काढतां येणार नाहीं.