पऱ्हाटीच्या रेझिनमधून वीज वाहते का? पैसे गुंतवण्याआधी हे वाचा



उलंगवाडी झाली की यवतमाळ जिल्ह्यात शेतोशेती पऱ्हाटी उभी दिसते. थोडी चुलीत जाते, बरीचशी शेतातच पेटवली जाते. त्यामुळे कुणी म्हणालं, "पऱ्हाटीपासून वीज वाहणारं रेझिन बनवा, बॅटरीवाले हातोहात घेतील," तर कान टवकारणारच. पण खिशात हात घालण्याआधी थोडं थांबा.

पहिली गोष्ट म्हणजे रेझिन वीज वाहत नाही, ते वीज अडवतं. रेझिन म्हणजे उष्णतेने किंवा हार्डनर टाकल्यावर घट्ट होणारा चिकट पदार्थ. घरातली जुनी तपकिरी-काळी बटणं आठवा. ते बेकलाइट, 1907 साली लिओ बेकलँड यांनी शोधलेलं फिनॉलचं रेझिन, आणि त्यात भर म्हणून बहुतेक वेळा लाकडाचा बारीक भुसा असायचा. म्हणजे झाडाचा कचरा विजेच्या सामानात शंभर वर्षांपूर्वीच पोचलाय. पण शॉक लागू नये म्हणून!

पऱ्हाटीतल्या लिग्निनने या रेझिनमधल्या फिनॉलची थोडी जागा भरता येते. त्यातल्याच दुसऱ्या घटकापासून फरफ्युरल निघतं. अमेरिकेत क्वेकर ओट्सने 1922 मध्ये ओटच्या टरफलांपासून फरफ्युरलचं व्यापारी उत्पादन सुरू केलं होतं. त्यापासून होणारं फ्युरान रेझिन फाउंड्रीत वाळूचे साचे बांधायला लागतं. हीसुद्धा इन्सुलेटरच.

मग "वीज वाहणारं" कुठून आलं? त्यात कार्बन पावडर मिसळतात. थोडी मिसळली तर काहीच फरक पडत नाही. कण एकमेकांना टेकू लागले की मात्र वीज एकदम वाहायला लागते. म्हणजे काम कार्बनचं, नाव पऱ्हाटीचं. रेझिनच हवेशिवाय हजारेक अंशांवर भाजलं तर वीज वाहणारा कार्बन मिळतो खरा, पण ती भट्टी शेडमध्ये बसवायची गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट सांगायला विक्रेता विसरतो. इन्सुलेटरचे वैरी दोन: ओलावा आणि क्षार. पऱ्हाटीचा भुसा पाणी ओढतो, त्याच्या राखेत पोटॅश असतं, वर शेतातली माती. त्यामुळे एप्रिलमध्ये झकास दिसणारा नमुना श्रावणात गळती दाखवू शकतो. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर असतो. नमुना दोन दिवस ओल्या हवेत ठेवा, मग त्याच्याकडून मोजून घ्या. कोरड्या नमुन्याचा आकडा दाखवून कुणी मशीन विकत असेल तर चहा पिऊन निघा.

कचऱ्यापासून रेझिनचा धंदा होतच नाही असं नाही. कोकणात काजूच्या टरफलांतून तेल निघतं. त्यापासूनची रेझिनं ब्रेक लायनिंगमध्ये आणि इन्सुलेटिंग व्हार्निशमध्ये जातात. पण ती टरफलं कारखान्यात एका जागी ढिगाने मिळतात. आपली पऱ्हाटी शेतोशेती पसरलेली, हलकी आणि जागा खाणारी. ट्रॉली भरते, वजन भरत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रेझिन बनवू नका, रेझिन वापरणाऱ्याला माल द्या. नागपूरच्या जिनिंग ट्रेनिंग सेंटरमध्ये पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्यावर काम झालंय, तिथे एकदा जाऊन या. बोर्डवाल्याला लागतो स्वच्छ, कोरडा, एकसारख्या मापाचा चुरा. श्रेडर शेतापर्यंत न्या आणि चुरा करूनच उचला, म्हणजे भाडं वाचेल. शेतकऱ्यालाही हे हवंच आहे, कारण गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी वेळेत काढा असं कृषी विभाग सांगतोच. अख्ख्या पऱ्हाटीची गंजी मात्र लावू नका, उरलेल्या बोंडांत अळी तशीच राहते. आणि खरेदीचा भाव ठरवताना ओलावा मोजूनच ठरवा, नाहीतर पाण्याचे पैसे द्याल.