वस्तादाच्या अंगठ्याचे दप्तर

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघरी अंगाला तेल लागते खरे, पण ते जिरविणारा हात आता विरळा झाला आहे. आणि मर्दनाने व हालचालीने शरीर दुरुस्त करण्याची जी विद्या आमच्या तालमींत व मठांत पिढ्यानपिढ्या नांदली, तिचे दप्तर कोणी राखले काय, याचा शोध घेऊ लागले म्हणजे वाट बडोद्यास, जुम्मादादा वस्तादांच्या व्यायामशाळेच्या दारी जाते. तेथील राजरत्न माणिकराव जसे व्यायामाचे आचार्य, तसेच हाडे-सांधे बसविण्यात निष्णात. त्यांच्या हाताखाली घडलेले, १८८३ साली डभईस जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झाले.

स्वामींची श्रद्धा गाढ होती, पण साक्षीपुराव्यावाचून तिचा हुकूम ते मानीत नसत. बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांपुढे मांडल्या. श्वास पूर्णपणे सोडून, कंठ मिटून, छाती मात्र श्वास घेतल्यासारखी फुगविली म्हणजे आत हवा न शिरता श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट पाठीला टेकते. त्या पोकळीत पोटाचे सरळ स्नायू पुढे उभे केले की नौली साधते. पाण्यात बसून बस्ती, म्हणजे आतडे धुण्याची क्रिया, करणाऱ्या योग्याच्या आतड्यात पंपावाचून पाणी चढते, यास लोक चमत्कार समजत. स्वामींनी नौलीच्या वेळी आतड्यातील दाब मोजला, तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी भरला, आणि चमत्काराचा उलगडा झाला. कमी दाबाच्या त्या पोकळीला त्यांनी गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. गुरूकडून मिळालेले यंत्रावर तपासून पाहावे आणि निष्कर्ष पुन्हा गुरूच्याच चरणी ठेवावा, ही रीत मला फार मोलाची वाटते. १९२४ साली लोणावळ्यास त्यांची कैवल्यधाम ही योगसंस्था उभी राहिली, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले, आणि १९२७ मध्ये प्रकृती ढासळलेल्या गांधीजींनीही स्वामींशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला.

माझी तक्रार आहे ती निराळीच. नौलीला क्ष-किरणाची काच लाभली. वस्तादाच्या अंगठ्याला साधी वहीसुद्धा लाभली नाही. तरुणपणी माझ्या पाठीत उसण भरली असता आमच्या गावच्या तालमीतील एका वृद्धाने तिळाचे तेल कोमट करून, कण्याच्या शेजारी नेमक्या जागी अंगठा रोवला; जागा कशी सापडली असे विचारले, तर म्हणाला, “हाताला कळतं, मालक.” हाताला कळते ते कागदाला कळेनासे झाले, हीच या विद्येची हानी. अर्थात आंधळ्या भक्तीचेही कारण नाही. मोडलेल्या हाडाला नुसती लचक समजून चोळल्याने कायमचे अधू झालेले लोकही आमच्याच गावात होते, आणि नोंद व्हावयाची तर त्या चुकांचीही व्हावी.

वाचकांपैकी कोणाच्या गावी असा वस्ताद अद्याप हयात असेल, तर त्याच्यापाशी चार दिवस बसून तेल कोणते, दाब कोठे, किती वेळ, आणि कोणता रोगी तो हात न लावता थेट दवाखान्यात धाडतो, एवढा तपशील कृपा करून लिहून घ्यावा.