संबंधात्मक विदासंग्रह : वेब-अनुप्रयोगासाठी पूर्वतयारी

ओळी व स्तंभ यांनी बनलेल्या सारण्यांत माहिती साठविणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस संबंधात्मक विदासंग्रह (रूढ भाषेत ‘रिलेशनल डेटाबेस’) म्हणतात. यातील ‘संबंध’ ही संज्ञा गणितातील संच सिद्धांतातून आलेली असून तिने सारणीचाच बोध होतो. दोन सारण्यांमधील नाते असा तिचा मूळ अर्थ नाही. आयबीएम या कंपनीतील संशोधक एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी ही संकल्पना १९७० मध्ये मांडली. त्यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले. अशा संग्रहांसाठी वापरली जाणारी एसक्यूएल ही भाषा त्याच कंपनीतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ च्या सुमारास विकसित केली.

वेब-अनुप्रयोगाचा वापर अनेक अपरिचित व्यक्ती एकाच वेळी करीत असतात. त्यामुळे संग्रह वापरात आणण्यापूर्वी पुढील बाबींची तजवीज करावी लागते.

आराखडा : ग्रंथालयाचे उदाहरण घेता येईल. देवघेवीच्या प्रत्येक नोंदीत सभासदाचा पत्ता लिहिल्यास पत्ता बदलल्यावर काही नोंदी नव्या व काही जुन्या राहतात आणि खरा पत्ता कोणता हे ठरविता येत नाही. म्हणून सभासद, ग्रंथप्रती व देवघेव यांच्या स्वतंत्र सारण्या करतात. प्रत्येक ओळीची निःसंदिग्ध ओळख पटविणाऱ्या स्तंभास ‘प्रायमरी की’ म्हणतात. देवघेवीच्या सारणीत सभासदाचा केवळ हा क्रमांक नोंदवितात. या विभागणीस सामान्यीकरण असे नाव आहे. रकमेसाठी दशमान प्रकार वापरतात, कारण तरत्या बिंदूच्या संख्यांत पैशांचा हिशेब सूक्ष्म प्रमाणात चुकतो. दूरध्वनी क्रमांकावर गणित करावयाचे नसल्याने व सुरुवातीचे शून्य टिकणे आवश्यक असल्याने तो मजकूर म्हणून साठवितात.

बंधने : एकच प्रत शिल्लक असताना दोन सभासदांनी एकाच क्षणी मागणी केल्यास दोघांच्याही वतीने चालणाऱ्या आज्ञावलीला ती उपलब्ध दिसू शकते. चालू देवघेवीच्या सारणीत प्रतीचा क्रमांक एकदाच येईल असे बंधन घातलेले असेल, तर दुसरी नोंद संग्रह स्वतःच नाकारतो. तसेच दंडाची वसुली व सभासदत्वाचे नूतनीकरण यांसारख्या परस्परावलंबी कृती एका ‘व्यवहारात’ गुंफतात. त्या सर्व पूर्ण होतात किंवा एकही होत नाही.

लिपी : यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘क्षि’ हे अक्षर चार चिन्हांचे असल्याने त्यास बारा बाइट जागा लागते. केवळ रोमन लिपीसाठी योजलेल्या स्तंभात मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा संभव असतो व मूळ मजकूर परत मिळत नाही. मायएसक्यूएल या प्रणालीतील ‘यूटीएफ८’ हा जुना पर्याय तीन बाइटांपुरताच मर्यादित होता. त्यात देवनागरी मावते. परंतु २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेली मोडी लिपी मावत नाही, कारण तिच्या चिन्हांना चार बाइट लागतात. त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा पर्याय निवडावा लागतो.

सुरक्षितता : अनुप्रयोगास संग्रहाचे सर्वाधिकार न देता आवश्यक त्या सारण्या वाचणे व लिहिणे एवढीच परवानगी देतात. वापरकर्त्याने भरलेला मजकूर एसक्यूएल आज्ञेत सरळ जोडल्यास त्यातील काही भाग आज्ञा म्हणून अंमलात येऊन संपूर्ण सारणी उघड अथवा नष्ट होऊ शकते. म्हणून आज्ञा व मूल्ये संग्रहाकडे स्वतंत्रपणे पाठवितात. परवलीचे शब्द मूळ रूपात न ठेवता त्यांचे एकदिश रूपांतर साठवितात.

गती व जतन : वारंवार शोधल्या जाणाऱ्या स्तंभांवर निर्देशसूची (‘इंडेक्स’) तयार केल्यास प्रत्येक ओळ तपासावी लागत नाही. तथापि प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सूचीही अद्ययावत करावी लागत असल्याने अनावश्यक सूचींमुळे लेखन मंदावते. आराखड्यातील फेरबदल क्रमांकित आज्ञासंचांद्वारे करतात, त्यामुळे कोणता बदल केव्हा झाला हे कळते. संग्रहाची प्रत नियमितपणे अन्य ठिकाणी ठेवतात आणि तीवरून संग्रह पुन्हा उभा करून पाहतात. अशी चाचणी न झालेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे असते. सदोष आज्ञावली पुन्हा लिहिता येते. गमावलेली नोंद मात्र बहुधा परत मिळत नाही. या पूर्वतयारीचे महत्त्व त्यातच आहे.